'न्यू कस्टमर्स मे बी पुट ऑफ': तीन ओळींच्या ईमेलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कच्या आजूबाजूला बरीच लहान लहान ऑफिसं आहेत, दोन-चार खोल्या, आठ-दहा माणसं, आणि काम बाहेरच्या देशातलं. हे प्रकरण त्यातल्याच एका ऑफिसचं. ब्रिटनमधली एक छोटी कंपनी ऑनलाइन कॉटनचे कपडे विकते आणि तिच्या ऑर्डरी, तक्रारी, ईमेल हे सगळं नागपूरची टीम सांभाळते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून धंद्याचे थोडे तपशील बदललेत, वाक्यं मात्र जशी होती तशी ठेवलीत, कारण सगळी भानगड त्या वाक्यांतच आहे.

ईमेल डेस्कवर जी मुलगी होती ती उमरेडची. मराठी मीडियम, बी.कॉम., टायपिंग फास्ट, कामाला चोख. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं, ही त्याच पिढीतली, म्हणजे दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेली आणि 'चेंज द व्हॉइस' मध्ये पैकीच्या पैकी मार्क घेतलेली. माझ्या संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिश बॅचला ती यायची आणि नंतर तिच्या मालकांनीही मला ऑफिसात बोलावलं, म्हणून दोन्ही बाजू मला माहीत आहेत. दोघांनीही लिहायला होकार दिलाय.

हे एवढं सविस्तर लिहितेय कारण आपल्याकडे असे शेकडो पोरंपोरी आज अशाच डेस्कवर बसून काम करताहेत. त्यांना अडचण अवघड शब्दांची येत नाही, अवघड शब्द कोणीही शोधून काढतं. अडचण येते पुट, टेक, लुक, लेफ्ट, ऑफ, डाउन, इंटू, आउट असल्या चिल्लर शब्दांची, आणि त्यांच्या आधी मे, मस्ट, कॅन, शुड लागलं की अजूनच. प्रत्येक शब्द ओळखीचा असल्यामुळे आपल्याला समजलं नाही हेच समजत नाही.

काय झालं

मे महिना, शुक्रवार. क्लायंटनं त्यांच्या संध्याकाळी पाच वाजता ईमेल टाकला, उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. हिनं तो शनिवारी सकाळी दहाला उघडला. ईमेलमध्ये कामाच्या तीनच ओळी होत्या:

'द साइझ चार्ट मस्ट हॅव बीन टेकन डाउन ड्यूरिंग द अपडेट. न्यू कस्टमर्स मे बी पुट ऑफ इफ इट इज लेफ्ट आउट. कॅन धिस बी लुक्ट इंटू?'

क्लायंटला म्हणायचं होतं ते असं: वेबसाइट अपडेट करताना साइझ चार्ट काढला गेला असावा. चार्ट नसेल तर नवे ग्राहक बिचकतील, घ्यायचं टाळतील. तर जरा बघता का हे? म्हणजे अर्ध्या तासाचं काम, चार्ट परत लावायचा आणि 'झालं' म्हणून कळवायचं.

हिनं वाचलं ते असं: अपडेटच्या वेळी साइझ चार्ट काढायलाच पाहिजे होता. चार्ट नसेल तर नव्या ग्राहकांच्या ऑर्डरी पुढे ढकलायला हरकत नाही. हे बघता येतं का?

तिचं वाचन नीट बघा. तिन्ही ओळी चुकल्यात, पण तिन्ही मिळून एक गोष्ट व्यवस्थित तयार होते. चार्ट काढायचा होता, काढला. तोवर नवीन ऑर्डरी थांबवा. आणि शेवटी क्लायंट विचारतोय, हे दिसतंय ना तुम्हाला? हो, दिसतंय. कुठेच काही अडत नाही. एकच ओळ चुकली असती तर बाकीच्या दोन ओळींशी ती जुळली नसती आणि तिला शंका आली असती. इथे एका चुकीनं दुसरीला आधार दिला आणि दुसरीनं तिसरीला, त्यामुळे शंका यायला जागाच उरली नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि 'पोरीचं इंग्लिश कच्चं आहे' एवढं म्हणून विषय संपवला की नेमकी हीच सुटते.

मग तिनं काय केलं, तर साइटवरून आलेल्या सगळ्या नव्या ग्राहकांच्या ऑर्डरी होल्डवर टाकल्या, प्रत्येकाला 'युवर ऑर्डर हॅज बीन पुट ऑफ' असा मेल पाठवला आणि क्लायंटला उत्तर दिलं, 'येस, इट कॅन बी लुक्ट इंटू.' चार्ट काही लावला नाही कारण तिच्या हिशोबानं तो काढायचाच होता.

शनिवारी तिकडे ऑफिस बंद, रविवारी बंद, आणि मे महिन्यातला पहिला सोमवार ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे असतो, तोच नेमका आला. म्हणजे मंगळवारी आपल्या दुपारी दीडपर्यंत तिकडे कोणी मेल बघणारं नव्हतं. तोपर्यंत ग्राहकांची उत्तरं येऊन पडली होती, काहींनी ऑर्डर कॅन्सल केली होती. मंगळवारी क्लायंटचा मेल आला: 'न्यू ऑर्डर्स शुड नेव्हर हॅव बीन हेल्ड अप.' ऑर्डरी अडवून ठेवायलाच नको होत्या. हिला एवढं कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय, घाबरून तिनं लगेच लिहिलं, 'सॉरी. इट मस्ट बी सॉर्टेड आउट टुडे.'

तिला म्हणायचं होतं, आज काहीही झालं तरी हे मार्गी लावतो. क्लायंटनं वाचलं, हे आजच्या आज मार्गी लागलंच पाहिजे. म्हणजे चूक यांची आणि वरून हुकूम पण हेच सोडताहेत. त्यानंतर क्लायंटनं मालकांना थेट फोन केला.

अडचण नेमकी कुठे होती

मालकांचं पहिलं म्हणणं होतं, 'मॅडम, पोरगी हुशार आहे जी, पण हिले फ्रेजल व्हर्ब येत नाई, तेवढे पाठ करून घ्या.' फ्रेजल व्हर्ब म्हणजे पुट ऑफ, टेक डाउन, लुक इंटू अशी, क्रियापद आणि छोटा शब्द मिळून होणारी क्रियापदं. पोरीचं म्हणणं होतं, 'मॅडम, मले पुट ऑफ येते ना. पुट ऑफ म्हणजे पोस्टपोन. मीनं तं बरोबरच वाचलं होतं.' आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, तिला पुट ऑफ येत होतं. अर्धं.

पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं हे खरं, पण पुट ऑफ म्हणजे एखाद्याचं मन उडवणं, त्याला बिचकवणं हेही तेवढंच खरं. कुठला अर्थ घ्यायचा हे कर्ता-कर्म बघून ठरतं, मीटिंग पुट ऑफ झाली तर पुढे ढकलली, माणूस पुट ऑफ झाला तर त्याचं मन उडालं. ही वाक्यं साध्या रूपात असती, म्हणजे 'धिस मे पुट ऑफ न्यू कस्टमर्स' असं असतं, तर कोण कोणाला काय करतंय ते समोर दिसलं असतं आणि ती कदाचित थांबली असती. पॅसिव्हमध्ये, म्हणजे 'काढला गेला' अशा रचनेत, करणारा गायब होतो. मग रिकाम्या जागेवर वाचणारा स्वतःच्या मनानं कोणालातरी बसवतो, हिनं तिथे स्वतःला बसवलं. 'ग्राहक पुट ऑफ होतील', कोणाकडून? आमच्याकडून. म्हणजे आम्ही करायचं.

आता मे. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, आयुष्यातलं पहिलं मे कुठलं? 'मे आय कम इन, मॅडम?' त्यामुळे मे म्हटलं की परवानगी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि 'कदाचित असं होईल' हा त्याचा दुसरा अर्थ, जो ऑफिसच्या ईमेलमध्ये उलट जास्त दिसतो, तो मागे राहतो. पॅसिव्हमध्ये मे आला, समोर करणारा नाही, आणि क्लायंटसारख्या वरच्या माणसानं लिहिलंय, तर परवानगी वाटणं साहजिकच आहे.

मस्ट हॅव बीनचं तर मला खूप महत्त्वाचं वाटतं कारण तिथे आपली मराठी आपल्याला मदत करू शकते आणि आपण ती घेतच नाही. मस्टचे दोन उपयोग, एक सक्ती, एक अंदाज. पुस्तकात आधी सक्ती येते, 'यू मस्ट वर्क हार्ड'. पण मस्टच्या पुढे हॅव बीन आलं की ते बहुतेक वेळा अंदाज असतं, झालेल्या गोष्टीबद्दलचा. आणि गंमत बघा, मराठीतलं 'पाहिजे' पण हीच दोन्ही कामं करतं! 'चार्ट काढला गेला असला पाहिजे' हा अंदाज. 'चार्ट काढायला पाहिजे होता' ही राहून गेलेली सक्ती. उमरेडच्या या मुलीनं घरी कधी या दोघांत घोळ घातला नसता, घरी ती अंदाजासाठी सरळ 'काढला असन कोणी' म्हणते. इंग्रजीत पहिल्यासाठी 'मस्ट हॅव बीन टेकन डाउन' आणि दुसऱ्यासाठी 'शुड हॅव बीन टेकन डाउन'. फरक तिला जन्मापासून माहीत होता, फक्त तो कुठल्या इंग्रजी वाक्याला लावायचा ते कोणी जोडून दिलं नव्हतं.

तिसरी ओळ, 'कॅन धिस बी लुक्ट इंटू?'. ही विनंती आहे. कोणी 'जरा मीठ देता का' म्हटलं तर आपण 'हो, देता येतं' म्हणून बसून राहत नाही. पण लिहिलेल्या इंग्रजीत, पॅसिव्हमध्ये, 'यू' हा शब्दच नाही, त्यामुळे हे आपल्याला सांगितलेलं काम आहे हे तिला जाणवलं नाही. त्यात लुक्ट इंटू म्हणजे छडा लावणं, चौकशी करणं हे सोडून तिनं 'आत बघणं' असा अर्थ घेतला होता.

म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या. मॉडेलचे (मे, मस्ट, कॅन, शुड यांना व्याकरणात मॉडेल म्हणतात) दोन दोन अर्थ, फ्रेजल व्हर्बचे दोन दोन अर्थ, गायब झालेला करणारा, आणि उत्तर देताना मस्टनं बदललेला सूर. व्याकरणाच्या पुस्तकात यातल्या पहिल्या तीन गोष्टी तीन वेगळ्या धड्यांत असतात, मॉडेल एका धड्यात, व्हॉइस दुसऱ्या, फ्रेजल व्हर्ब तिसऱ्या. ईमेलमध्ये तिन्ही एकाच वाक्यात येतात आणि ते एकत्र कसं वाचायचं हे कुठेच शिकवत नाहीत.

कोणते पर्याय होते

मालकांसमोरचा पहिला पर्याय तिला डेस्कवरून काढून डेटा एंट्रीला बसवायचा. त्यांनी तो खरंच विचारात घेतला होता. मी म्हटलं, मग तिच्या जागी जो येईल त्याचं काय, तोही याच शाळांतून शिकून येणार. ते पटलं त्यांना.

दुसरा, फ्रेजल व्हर्बची मोठी यादी पाठ करायची, दोनशे-तीनशेवाल्या पीडीएफ सगळीकडे फिरत असतात. माझा याला ठाम विरोध होता. यादीत 'पुट ऑफ = पोस्टपोन' एवढंच असतं, आणि तेवढं तर तिला येतच होतं, त्यानंच तर घात केला. यादीत मॉडेल नसतो, पॅसिव्ह नसतं, वाक्य कोणी कोणाला लिहिलंय ते नसतं.

तिसरा, फ्रेजल व्हर्ब टाळायचेच. पोस्टपोन, कॅन्सल, इन्व्हेस्टिगेट, कम्प्लीट अशी एका शब्दाची क्रियापदं वापरायची, आपल्या शाळेत तीच आधी शिकवतात. लिहिताना हे चालतं आणि बऱ्याचदा चांगलंही असतं. पण समोरचा काय लिहील ते तुमच्या हातात नाही, ब्रिटिश माणूस रोजच्या ईमेलमध्ये 'इन्व्हेस्टिगेट' क्वचितच लिहील, तो 'लुक इंटू' आणि 'सॉर्ट आउट'च लिहिणार. म्हणजे हा अर्धाच उपाय.

चौथा, आलेला मेल सरळ ट्रान्सलेशन ॲपमध्ये टाकायचा. याला मी सरसकट नाही म्हणत नाही, अख्खा मेल टाकला तर निदान शंका तरी येते. पण आठवड्यातून एकदा क्लायंटसोबत कॉल असायचा, तिथे ॲप काय करणार, आणि उत्तर लिहिताना मस्ट टाकायचं की विल हे शेवटी लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

पाचवा, तिच्याच इनबॉक्समधली जुनी वाक्यं घेऊन त्यावरच शिकायचं. याला वेळ लागणार होता आणि मालकांना रिझल्ट पटकन पाहिजे होता, पण शेवटी आम्ही हाच धरला, सोबत तिसऱ्यातला लिहिण्यापुरता भाग घेतला.

काय केलं

सगळ्यात आधी आग विझवायची होती. क्लायंटला कोणी लिहायचं यावर थोडी चर्चा झाली. मालक म्हणाले मी लिहितो. मला वाटलं तिनंच लिहावं, नाहीतर पुढचे सहा महिने क्लायंट तिच्या प्रत्येक मेलकडे संशयानं बघेल. मालक तयार झाले. तिनं लिहिलेल्या मेलमध्ये एकही पॅसिव्ह नव्हतं, मुद्दाम. 'आय मिसरेड युवर मेल अँड हेल्ड द ऑर्डर्स. आय हॅव रिलीज्ड देम. वी हॅव पुट द साइझ चार्ट बॅक.' कोणी काय केलं ते सरळ. चूक मान्य करताना पॅसिव्ह वापरलं, 'मिस्टेक्स वेअर मेड' टाइप, तर ते अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. आपल्याला हे चांगलंच माहीत आहे, कुठल्याही ऑफिसातून 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं पत्र आलं की आपण काय समजतो ते आपल्यालाच ठाऊक!

मग इनबॉक्स. तिनं जुन्या मेलमधून अशी वाक्यं शोधून काढली ज्यात मॉडेल, मग बी, मग तिसरं रूप, मग छोटा शब्द असं येतं. ढीग निघाला. 'द ॲड्रेस नीड नॉट बी फिल्ड इन.' 'ऑल डेटा मस्ट बी बॅक्ड अप.' 'धिस ऑफर मे बी कॉल्ड ऑफ.' 'हर कम्प्लेंट शुडन्ट बी ब्रश्ड ऑफ.' 'द ओल्ड टॅग्ज कॅन बी थ्रोन अवे.' ही वाक्यं बघून तीच म्हणाली, 'मॅडम, हे तं रोजच येऊन राहिलं होतं, मी काहून नाई पाहिलं?'

वाक्य फोडायची रीत आम्ही मराठीवरूनच बसवली. 'पाहिलं जाऊ शकतं' यात आधी मूळ काम, मग 'जाऊ', मग 'शकतं'. इंग्रजीत नेमकं उलटं, आधी कॅन, मग बी, मग सीन. 'भरलं गेलं पाहिजे', उलट करा, मस्ट बी फिल्ड. आणि जो छोटा शब्द मागे लोंबतो, इन, ऑफ, इंटू, तो क्रियापदाचाच तुकडा आहे, पॅसिव्ह केलं म्हणून तो गळून पडत नाही. आपली पोरं 'द मॅटर विल बी लुक्ट' लिहून थांबतात कारण पुढे कर्मच नाही तर इंटू कशाला असं वाटतं. कर्म उचलून पुढे नेलं, इंटू जागच्या जागी राहिला. तसंच दोन छोटे शब्द असले तर दोन्ही राहतात, 'धिस डिले कान्ट बी पुट अप विथ', हा उशीर सहन करता येणार नाही.

एक सोय मात्र पॅसिव्हमध्ये होते, ती मी आवर्जून सांगते. ॲक्टिव्हमध्ये 'फिल इट इन' की 'फिल इन इट' असा गोंधळ असतो, बरोबर पहिलं, कारण इट हे सर्वनाम मध्येच बसतं. पॅसिव्हमध्ये इट पुढे गेलं की हा प्रश्नच संपतो, 'इट मस्ट बी फिल्ड इन', बस. ज्यांना फ्रेजल व्हर्बची भीती वाटते त्यांनी पॅसिव्हपासून सुरुवात केली तर उलट सोपं जाईल असं माझं मत आहे.

प्रत्येक वाक्यावर तिला तीन प्रश्न मराठीत लिहायला लावले. कोण करणार? ज्याच्यावर होतंय तो माणूस आहे की वस्तू? आणि मॉडेल काय करतोय, हुकूम, परवानगी, अंदाज, वचन, का विनंती? मग पूर्ण वाक्य मराठीत, करणाऱ्याला जागेवर आणून. 'नीड नॉट बी फिल्ड इन' म्हणजे भरायची गरज नाही, भरलं तरी चालेल. 'मस्ट नॉट बी फिल्ड इन' म्हणजे भरायचंच नाही. या दोघांत तिनं घोळ घातला असता तर ग्राहकांचे फॉर्म परत आले असते, आणि हा घोळ फार कॉमन आहे.

कशाचं पॅसिव्ह होतच नाही हेही आलं. आपल्याकडे सर्रास 'द बस वॉज ब्रोकन डाउन' म्हणतात. गाडी बंद पडली, कोणी पाडली नाही, म्हणून 'द बस ब्रोक डाउन'. ग्रो अप, शो अप यांचंही तसंच, कर्म नाही तर पुढे काय आणणार.

ऐकायचं काम वेगळं केलं. ही वाक्यं बोलताना शब्द एकमेकांना चिकटतात, कॉल्ड ऑफ हे 'कॉल्डॉफ' होतं, फिल्ड इन 'फिल्डिन', पिक्ट अप 'पिक्टप', आणि शुड हॅव बीन तर 'शुडव्बिन' एवढंच ऐकू येतं. कॉलवर तिला 'शुडव्बिन' मधला हॅव ऐकूच यायचा नाही, म्हणून 'करायला पाहिजे होतं' हे तिला 'करायला पाहिजे' असं वाटायचं. जोर कुठे येतो तेही दाखवलं, 'कॉल्ड ऑफ' मध्ये ऑफवर जोर, 'लुक्ट इंटू' मध्ये लुक्टवर. आम्ही हे घरच्या वाक्यांवर घोटलं, मे महिन्यात नागपुरात कूलर सोडून दुसरा विषय नसतोच. 'द कूलर शुड बी टर्न्ड ऑफ', कूलर बंद करायला पाहिजे. 'द कूलर शुड हॅव बीन टर्न्ड ऑफ', करायला पाहिजे होता, केला नाही, टाकीतलं पाणी संपलं. 'द कूलर मस्ट हॅव बीन टर्न्ड ऑफ', केला असन कोणीतरी, खोली तापून राहिली. ही तीन वाक्यं तिनं स्वतः तयार केली आणि त्या दिवसानंतर मस्ट हॅव मध्ये तिचा घोळ बराच कमी झाला.

लिहिण्यासाठी नियम कमी ठेवले. आपण करणार असू तर विल, आणि जमलं तर 'वी'नं सुरुवात: 'वी विल सॉर्ट धिस आउट टुडे'. क्लायंटला मस्ट आणि शुड लिहायचंच नाही, त्याला काही सुचवायचं असेल तर 'कुड'. 'कुड द फोटोज बी सेंट ओव्हर बाय फ्रायडे?' यात पॅसिव्ह छान बसतं, कारण 'तुम्ही पाठवा' असं बोट न दाखवता मागता येतं. म्हणजे पॅसिव्ह वाईट असं नाही. मागताना ते कामाचं, वचन देताना ते पोकळ वाटतं, चूक मान्य करताना तर नकोच.

निकाल

थांबवलेल्या बऱ्याच ऑर्डरी त्याच आठवड्यात गेल्या, ज्या ग्राहकांनी कॅन्सल केलं होतं त्यातले काही परत आले, काही नाही. क्लायंट टिकला. तिच्या त्या मेलला त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं होतं पण शांत होतं.

तिचं वाचन सुधारलं, आणि मला जास्त आवडलेला बदल म्हणजे ती आता उलटून विचारते. जुलैमध्ये एक मेल आला, 'द ब्लू रेंज मे बी टेकन ऑफ नेक्स्ट वीक'. निळा माल साइटवरून काढायचा, काढायची परवानगी, का कदाचित काढतील? तिनं लिहिलं, 'डू यू वॉन्ट अस टू टेक इट ऑफ, ऑर इज इट नॉट डिसायडेड येट?' उत्तर आलं, अजून ठरलं नाही, थांबा. इथे इंग्रजी वाक्यच दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं, तिच्या येण्या-न येण्याचा प्रश्नच नव्हता.

कॉलवर मात्र अजून अडतं. समोरचा भरभर बोलला की हॅव बीन निसटतं. आणि बोलताना तिचं 'इट मस्ट बी डन' अजूनही मधूनच निघतं, विशेषतः टेन्शनमध्ये. 'फिल्ड अप' तर आमच्याकडे सगळेच म्हणतात, ब्रिटनमध्ये फॉर्म फिल इन करतात, अमेरिकेत फिल आउट, आपण फिल अप. ते मी बदलायला लावलं नाही, त्यानं कोणाचं अडत नाही आणि त्यात वेळ घालवण्यासारखं काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारी सकाळी दहा वाजता ती एकटी होती आणि मंगळवारपर्यंत तिकडे विचारायला कोणी नव्हतं. ही खरी निर्णयाची जागा. तिच्यासमोर दोन कामं होती, एक मागे घेता येण्यासारखं आणि एक न येण्यासारखं. चार्ट परत लावणं मागे घेता येतं. ग्राहकांना गेलेले मेल मागे येत नाहीत. ज्या वाक्यात करणारा दिसत नाही त्याच्या भरवशावर मागे न घेता येणारं काम करायचं नाही, निदान मालकांना एक फोन. मालकांनी आता तसा नियमच केलाय, ऑर्डरची स्थिती बदलायची असेल तर दुसऱ्यानं मेल वाचायचा. हा नियम आधी असता तर इंग्रजी तेवढंच असूनही हे झालं नसतं, हे मालकांनाही मी स्पष्ट सांगितलं.

शिकवण्याच्या क्रमाबद्दल बोलायचं तर असं दुसरं प्रकरण आलं तर ऐकण्याचं काम पहिल्या आठवड्यापासूनच वाचण्यासोबत सुरू करावं. मॉडेलचा दुसरा अर्थ आधी शिकवावा, म्हणजे मे म्हणजे कदाचित, मस्ट म्हणजे नक्कीच झालं असणार, कारण पहिला अर्थ शाळेतून आलेलाच असतो. शाळेतही 'चेंज द व्हॉइस' करून घेताना 'अ मँगो इज ईटन बाय राम' पुढे थोडं गेलं पाहिजे, रोजच्या आयुष्यात 'आंबा खाल्ला जातो' असं कोणी म्हणत नाही पण फॉर्म भरला जातो, पैसे परत दिले जातात, मीटिंग पुढे ढकलली जाते, आणि त्यात 'बाय' जवळपास कधीच येत नाही.

आणि क्लायंटच्या बाजूनंही काहीतरी व्हायला पाहिजे होतं. दुसऱ्या देशातल्या टीमला काम सांगताना 'कॅन धिस बी लुक्ट इंटू' लिहिण्यापेक्षा 'प्लीज पुट द चार्ट बॅक टुडे' लिहिलं असतं तर कोणाच्याच इंग्रजीची परीक्षा झाली नसती. मालकांना हे क्लायंटला सांगायचा संकोच वाटत होता, चूक आपली आणि शिकवायचं त्यांना, असं. शेवटी पुढच्या महिन्यातल्या एका कॉलवर त्या मुलीनंच विचारलं, ऑर्डरबद्दलचं काम असेल तर ते मेलच्या पहिल्या ओळीत 'प्लीज'नं सुरू करून लिहाल का म्हणून. ते लगेच हो म्हणाले. आता ऑर्डरचे मेल तसे येतात, बाकीचे जुन्याच पद्धतीनं, आणि त्यातली वाक्यं ती अजूनही वहीत उतरवून घेते.